शब्दकोडं आणि बंद दार : शेरलॉक होम्सच्या वाचकमंडळांचा इतिहास

आजच्या व्याख्यानाची सुरुवात एका शब्दकोड्यापासून करू.

१९ मे १९३४. 'सॅटरडे रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' या अमेरिकन साप्ताहिकात एक कोडं छापून आलं. त्याची सगळी उत्तरं शेरलॉक होम्सच्या कथांमध्ये दडलेली होती. कुठल्या कथेत कोणतं पात्र आलं, कोणत्या घराचं नाव काय, असला सगळा मामला. कथा दोनतीनदा वाचून भागण्यासारखं नव्हतं, त्या तोंडपाठच हव्यात. हे कोडं म्हणजे एक प्रवेशपरीक्षा होती. न्यूयॉर्कमध्ये होम्सच्या वाचकांचं एक नवं मंडळ निघालं होतं आणि कोडं अचूक सोडवणाऱ्याला त्यात येण्याची पात्रता मिळणार होती.

उत्तरं आली. अचूक उत्तरं पाठवणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. पुढच्याच महिन्यात मंडळाचं जेवण झालं. त्या जेवणाला पुरुष गेले. स्त्रियांना बोलावणं आलं नाही.

आज आपल्याला हाच इतिहास पाहायचा आहे. एका लेखकाची पुस्तकं आवडणारी माणसं एकत्र कशी येतात? मंडळात 'दाखल होणं' म्हणजे नेमकं काय होतं? आणि प्रेमापोटी जमलेल्या माणसांना दाराला कडी घालावीशी का वाटते? यासाठी आम्ही होम्सचंच उदाहरण घेतलं, कारण या वाचकांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो बऱ्यापैकी नोंदलेला आहे.

थोडं मागे जाऊ. होम्स पहिल्यांदा छापून आला १८८७ मध्ये, 'बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल' या नाताळ अंकात. लेखक आर्थर कॉनन डॉइल हे तरुण डॉक्टर. 'अ स्टडी इन स्कार्लेट' या कादंबरीचे सगळे हक्क त्यांनी पंचवीस पौंडांना देऊन टाकले. कादंबरीने काही धमाल उडवली नाही. धमाल उडाली चार वर्षांनी.

जानेवारी १८९१ मध्ये जॉर्ज न्यून्स यांनी 'स्ट्रँड' मासिक सुरू केलं. किंमत सहा पेन्स. त्या काळी अशा मासिकाला सहसा एक शिलिंग पडायचा, म्हणजे हे निम्म्या किमतीत. चित्रं भरपूर. रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर घ्यावं आणि प्रवासात वाचून संपवावं असं हे मासिक. डॉइल यांनी एक साधी पण फार महत्त्वाची गोष्ट हेरली. क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला की वाचकाचा धागा तुटतो. मग प्रत्येक कथा स्वतंत्र ठेवायची, पण नायक तोच ठेवायचा. जुलै १८९१ पासून होम्स 'स्ट्रँड'मध्ये दर महिन्याला येऊ लागला. सोबत सिडनी पॅजेट यांची चित्रं.

याचा परिणाम काय झाला बघा. हजारो माणसं एकाच आठवड्यात एकच गोष्ट वाचू लागली. आपल्याकडे दिवाळी अंक आला की चार घरांत एकाच कथेवर बोलणं होतं ना, तसंच, पण दर महिन्याला. मंडळ अजून कुठेही नव्हतं, पण मंडळाला लागणारी माती तयार होत होती.

मग डिसेंबर १८९३ उजाडला. डॉइल होम्सला कंटाळले होते. त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. होम्सला संपवायचा विचार त्यांनी १८९१ मध्येच आईला पत्रातून कळवला होता आणि आईने तो साफ धुडकावून लावला होता. दोन वर्षांनी मात्र त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्यात ढकललंच.

वाचक खवळले. पत्रांचा ढीग लागला. एका बाईंनी तर लेखकाला सरळ नराधम म्हणून पत्राची सुरुवात केली होती. ही आठवण डॉइल यांनीच आत्मचरित्रात सांगितली आहे.

इथे एक खुलासा करायला हवा. लंडनमधल्या तरुणांनी शोक म्हणून दंडाला काळ्या फिती बांधल्या, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. फार गोड गोष्ट आहे. पण १८९३ च्या वर्तमानपत्रांत तिचा पुरावा मिळत नाही. ती पसरली पुष्कळ नंतर, १९४९ मध्ये जॉन डिक्सन कार यांनी लिहिलेलं डॉइल यांचं चरित्र आल्यानंतर. मग ती टाकून द्यायची का? इतिहास म्हणून ती टिकत नाही, हे खरं. पण पुढच्या काळातल्या वाचकांना आपली एक पूर्वपरंपरा हवी होती, आपल्या आधी कुणीतरी असंच वेडं प्रेम केलं होतं असं त्यांना म्हणायचं होतं, एवढं या फितींवरून नक्की कळतं. प्रत्येक मंडळ आपलं एक पुराण रचतं. होम्सवाल्यांचं पुराण काळ्या फितींपासून सुरू होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९०१ साली 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' आली, पण तिची घटना होम्सच्या मृत्यूच्या आधीची होती. १९०३ मध्ये होम्स खरोखरच परतला. शेवटची कथा आली १९२७ मध्ये. एकूण छप्पन्न कथा आणि चार कादंबऱ्या. १९३० मध्ये डॉइल वारले.

आता या साठ रचनांमध्ये चुका भरपूर आहेत. डॉइल झपाट्याने लिहीत आणि मागचं पुढे जुळतंय का, याची त्यांना फारशी फिकीर नसे. पहिली कादंबरी उघडली की पहिल्याच परिच्छेदात डॉक्टर वॉटसन बोटीतून उतरतो, कुठे? तर आपल्या मुंबईत. आपली पलटण पुढे अफगाणिस्तानात गेली, हे त्याला तिथे कळतं. तोही मागोमाग जातो. २७ जुलै १८८० च्या मैवंदच्या लढाईत त्याला गोळी लागते. ही लढाई खरी आहे. तिच्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या आणि ब्रिटिश बाजूचा तिथे दारुण पराभव झाला. वॉटसन काल्पनिक, पण त्याच्या बाजूला पडलेले शिपाई खरे. तर वॉटसनला गोळी लागते खांद्याला. दुसऱ्या कादंबरीत बघावं तर जखम पायाला! वॉटसनचं नाव जॉन. पण एका कथेत त्याची बायकोच त्याला जेम्स म्हणून हाक मारते.

एरवी आपण म्हणू, लेखक विसरला. विषय संपला. पण या वाचकांनी तसं म्हणायचं नाही असं ठरवलं, आणि इथूनच त्यांचं मंडळ जन्माला आलं असं आमचं म्हणणं आहे.

१९११ मध्ये ऑक्सफर्डला रोनाल्ड नॉक्स नावाच्या तरुण विद्वानाने एक निबंध वाचला. त्या काळात बायबलची चिकित्सा जोरात चालली होती. हा भाग कुणाचा, तो कधी घुसडला, या दोन वचनांचा मेळ कसा लावायचा, असली चर्चा. नॉक्स यांनी तीच पद्धत, तोच गंभीर चेहरा ठेवून, होम्सच्या कथांना लावली. उद्देश टवाळीचा होता. पण झालं उलटंच. लोकांना टवाळीपेक्षा ती पद्धतच आवडली. खुद्द डॉइल यांनी निबंध वाचून नॉक्स यांना पत्र लिहिलं. आपल्याच कथांवर कुणी इतकी मेहनत घ्यावी याची त्यांना गंमत वाटली होती.

तिथून एक खेळ सुरू झाला. नियम एकच : होम्स आणि वॉटसन ही खरी माणसं होती असं धरून चालायचं. वॉटसनने हकिगती लिहिल्या. डॉइल? ते वॉटसनचे साहित्यिक दलाल, एवढंच. त्यामुळे कथेत चूक अशी नसतेच, फक्त न उलगडलेला प्रश्न असतो. जखम दोन ठिकाणी का? शोधा. बायको जेम्स का म्हणाली? डोरोथी सेयर्स या स्वतः नावाजलेल्या रहस्यकथालेखिका. त्यांनी उत्तर काढलं. वॉटसनच्या नावात मधे 'एच' हे अक्षर आहे. ते 'हेमिश'चं असणार. हेमिश म्हणजे जेम्सचं स्कॉटिश रूप. झाला उलगडा! हा खेळ लॉर्ड्सवरच्या क्रिकेट सामन्याइतक्याच गांभीर्याने खेळायचा, हसायचं नाही, असाही त्यांचा दंडक होता.

आपल्याकडे एखाद्या ओवीच्या अर्थावरून दोन टीकाकार भांडतात, त्यातला हा प्रकार. फरक इतकाच की इथे ग्रंथ 'पवित्र' आहे असं सगळे मिळून हसू दाबून मानतात.

म्हणजे दाखल होणं म्हणजे काय, याचं एक उत्तर आपल्याला मिळालं. पुस्तक आवडणं हे एकट्याने होतं. मंडळात आल्यावर त्या आवडीला काम मिळतं. लेखकाने जी फट सोडली ती बुजवायची, आणि आपण बुजवलेली फट दुसऱ्याला दाखवायची. तो म्हणणार, छे, हे पटत नाही. मग पुन्हा भेटायचं. लेखक जिवंत नसला तरी चालतं, किंबहुना तो जरा बाजूला सरकलेलाच बरा. ज्या लेखकावर प्रेम करायला जमले, त्यालाच दलाल करून टाकलं, ही यातली गंमत.

आता पुन्हा १९३४ मध्ये येऊ. क्रिस्टोफर मॉर्ली हे 'सॅटरडे रिव्ह्यू'चे सदरलेखक, गप्पिष्ट आणि मैफली जमवणारा माणूस. त्यांनी मंडळ काढलं आणि नाव ठेवलं 'बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स'. ते शब्दकोडं रचलं होतं त्यांच्या भावाने, फ्रँक मॉर्ली यांनी.

या नावाकडे जरा लक्ष द्या. होम्सच्या कथांमध्ये इरेग्युलर्स म्हणजे कोण? लंडनच्या रस्त्यावरची फाटक्या कपड्यांतली पोरं. विगिन्स त्यांचा म्होरक्या. होम्स त्यांना दिवसाला एक शिलिंग देतो आणि बातम्या काढायला धाडतो, कारण या पोरांना कुठलंच दार अडवत नाही, त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. न्यूयॉर्कच्या मंडळाने हे सगळं उचललं. पुढे नव्या सभासदाला शिलिंग द्यायची प्रथा पडली. प्रत्येकाला कथांमधलं एखादं नाव मिळू लागलं. आजही मंडळाच्या प्रमुखाला विगिन्स म्हणतात. दरवर्षी जानेवारीत न्यूयॉर्कला जेवण, कारण ६ जानेवारी हा होम्सचा वाढदिवस असं मॉर्ली यांनी ठरवलं होतं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टसुद्धा या मंडळाचे मानद सभासद झाले.

मंडळाची घटना लिहिली पत्रकार एल्मर डेव्हिस यांनी. ती अर्थातच थट्टेच्या सुरात आहे, पण तिच्यात सभासदत्वाच्या दोन अटी आहेत. पहिली अट : पवित्र ग्रंथांची परीक्षा उत्तीर्ण होणारी कुणीही व्यक्ती पात्र. दुसरी अट : ती व्यक्ती इतर दृष्टींनीही योग्य वाटली पाहिजे.

पहिली अट कागदावर तपासता येते. कोडं सुटलं की सुटलं. दुसरी अट कुठे तपासणार? ती तपासणार दाराशी उभा असलेला माणूस, स्वतःच्या मनात. 'कुणीही व्यक्ती' या शब्दांत स्त्रिया येत होत्या. 'इतर दृष्टींनी योग्य' या शब्दांत त्या गळल्या. कुठेही लिहिलं नाही की स्त्रियांना मज्जाव आहे. लिहायची गरजच पडली नाही. आम्हाला वाटतं, जगातल्या बऱ्याच मंडळांचा इतिहास या दुसऱ्या अटीत असतो.

हा काळाचाच दोष होता, असं कुणी म्हणेल. काही अंशी खरं आहे, त्या वेळी पुरुषांचे क्लब हा रिवाजच होता. पण त्याच १९३४ साली लंडनमध्येही होम्सचं एक मंडळ निघालं आणि तिथे डोरोथी सेयर्स सभासद होत्या. म्हणजे काळ एकच, पुस्तकं तीच, पण एका शहरात बाई टेबलाशी बसून वॉटसनच्या नावावर वाद घालतेय आणि दुसऱ्या शहरात अचूक कोडं सोडवलेल्या बाईला निमंत्रण नाही. काळाच्या माथ्यावर सगळं ढकलता येत नाही.

जानेवारी १९४१ च्या न्यूयॉर्कच्या जेवणात एक प्रसंग घडला. रहस्यकथालेखक रेक्स स्टाउट भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी 'पुराव्यानिशी' सिद्ध केलं की डॉक्टर वॉटसन ही बाई होती! जमलेल्या पुरुषांनी दंगा केला. खेळाच्या नियमात हे बसत होतं. पुरावे कथांमधलेच होते. म्हणजे बघा, ज्या खोलीत एकही बाई जेवायला बसू शकत नव्हती, त्या खोलीत कथेतला सर्वांत लाडका पुरुष बाई ठरवला गेला. ती थट्टा होती, थट्टा म्हणूनच चालली. पुढे त्याच दशकात एक प्रथा पडली. दरवर्षी एका स्त्रीचा सन्मान करायचा, तिला 'द वूमन' ही पदवी द्यायची. कथांमध्ये आयरीन ॲडलरला होम्स असंच म्हणतो. ती यायची, जेवणाआधीच्या पेयपानात तिचा सत्कार व्हायचा, आणि मग ती निघून जायची. जेवण पुरुषांचं.

या दरम्यान होम्सचे वाचक इतरत्र काय करत होते? खऱ्या बेकर स्ट्रीटवर डॉइल यांच्या काळात २२१ हा क्रमांकच नव्हता. १९३० च्या सुमारास रस्त्याचे क्रमांक बदलले आणि तो क्रमांक एका गृहकर्ज संस्थेच्या नव्या इमारतीत आला. मग तिथे पत्रं येऊ लागली, होम्सच्या नावाने. माझी वस्तू हरवली आहे, शोधून द्या. तुम्ही निवृत्त झालात का? पत्रं इतकी, की संस्थेने उत्तरं देण्यासाठी एक सचिव नेमला आणि ही पत्रोत्तरं पुढे कित्येक दशकं चालली. ही पत्रं लिहिणाऱ्यांची परीक्षा कुणी घेतली नाही. एक पाकीट, एक तिकीट, की झालात तुम्ही त्यात सामील. प्रत्येक पत्राला उत्तर मिळायचं. शेरलॉकच्या जगातलं सर्वांत उघडं दार एका पतपेढीचं निघावं, हेही नवलच.

लंडनचं मंडळ मधे थंडावलं होतं, ते १९५१ मध्ये नव्याने उभं राहिलं. १९६८ मध्ये ही मंडळी जुन्या काळचे पोशाख करून रायशेनबाखच्या यात्रेला गेली. होम्सची भूमिका केली पॉल गोर-बूथ यांनी. हे गृहस्थ १९६० ते १९६५ दिल्लीत ब्रिटनचे उच्चायुक्त होते. एवढा मोठा मुत्सद्दी धबधब्यापाशी होम्स होऊन झटापट करतोय! आणि मराठी वाचकांबद्दल सांगायचं तर आमच्यासारख्या अनेकांची होम्सशी ओळख झाली ती भालबा केळकर यांच्या अनुवादांतून, ग्रंथालयातल्या हाताळून मऊ झालेल्या प्रतींतून. मागच्या वाचकाने पान दुमडलेलं असायचं, एवढंच आमचं मंडळ.

आता १९६८ मधलाच दुसरा प्रसंग. जानेवारी महिना, न्यूयॉर्क, कडाक्याची थंडी. आत इरेग्युलर्सचं जेवण चाललंय. बाहेर फुटपाथवर काही तरुणी हातात फलक घेऊन उभ्या आहेत. या कनेटिकटमधल्या अल्बर्टस मॅग्नस या महिला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. होम्सच्या पक्क्या वाचक. मंडळात घेत नाहीत म्हणून त्यांनी स्वतःचं मंडळ काढलं, 'ॲडव्हेंचरेसेस ऑफ शेरलॉक होम्स'. आतल्या मंडळींनी तो प्रकार गमतीवारी नेला. दार उघडलं नाही. पण या मुली घरी गेल्या आणि त्यांनी वाचन थांबवलं नाही. त्यांचं मंडळ वाढत गेलं, आजही चालू आहे.

दार उघडलं १९९१ मध्ये. टॉम स्टिक्स तेव्हा विगिन्स होते. त्या वर्षी स्त्रियांना शिलिंग मिळाला. त्यांत कोण होत्या? एक होत्या एडिथ मायझर. होम्सला अमेरिकन रेडिओवर आणलं ते यांनीच, १९३० पासून. लाखो श्रोत्यांना होम्स यांच्या लेखणीतून भेटला. त्यांनी आता नव्वदी ओलांडली होती. दुसऱ्या होत्या जीन कॉनन डॉइल, म्हणजे लेखकाची मुलगी. फलक घेऊन उभ्या राहिलेल्या मंडळाची म्होरकीही होती. आणि आणखी एक बाई होत्या. त्यांनी १९३४ चं शब्दकोडं सोडवलं होतं.

सत्तावन्न वर्षं. उत्तर तेव्हाही बरोबर होतं.

या इतिहासातून इरेग्युलर्स वाईट होते असा निष्कर्ष काढायचा नाही. त्यांनी एका मासिकातल्या कथांवर जो अभ्यास उभा केला, १९४६ पासून स्वतःचं नियतकालिक चालवलं, त्यामुळे होम्स आज जिवंत आहे. ती माणसं मनापासून प्रेम करत होती. अडचण तिथेच असते. प्रेम जितकं गाढ, तितकं वाटतं की हे आपल्यालाच नीट कळलंय, दुसऱ्याच्या हाती गेलं तर बिघडेल. मग पहिल्या अटीच्या मागे हळूच दुसरी अट येते. आमचे लेखक, आमची भाषा, आमचं साहित्य असं म्हणणारी मंडळं आपल्याकडेही आहेत, आम्हीही अशांत बसलो आहोत. तिथे नवा माणूस आला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा पुस्तकाबद्दलचा असतो. दुसरा प्रश्न कशाबद्दल असतो, हे ज्याने त्याने आठवून बघावं.

होम्सने त्या रस्त्यावरच्या पोरांना कामावर घेतलं तेव्हा कसली परीक्षा घेतली होती? त्यांना डोळे होते, कान होते आणि जिन्यावरून धडधडत वर यायची हिंमत होती. मिसेस हडसनला ते आवडत नसे. तरी दिवसाअखेर प्रत्येकाच्या हातावर शिलिंग पडत होता.